परसातला आवळा: खड्ड्यापासून तोडणीपर्यंत

कार्तिकात बाजारात आवळ्याचे ढीग लागले की आपल्याही दारी एक झाड असावं असं पुष्कळांना वाटतं. पुढच्या पावसाळ्यात रोपवाटिकेतून रोप येतं, लागतं, जोमानं वाढतंही. बारीक चिंचेसारखा पाला, पसरट सावली, झाड दिसायला सुरेख. पण आठ-दहा वर्षं झाली तरी फळाचा पत्ता नाही, ही तक्रार मला सतत ऐकू येते. विचारत गेलं की बहुतेक वेळा दोनच कारणं निघतात: झाड एकटं आहे, किंवा ते बियांपासून वाढवलेलं आहे. या दोन्ही गोष्टी लागवडीच्या दिवशीच ठरून गेलेल्या असतात. नंतर कितीही खत घातलं तरी त्यावर उतारा पडत नाही. म्हणून लागवडीच्या आधीचे निर्णय मी इथे जरा सविस्तर सांगणार आहे.

पुढची निगा त्यामानानं सोपी. आवळा काटक आहे, हलक्या मुरमाड जमिनीत येतो, उन्हाळा सोसतो. एकदा लागला की दोन पिढ्या तरी फळ देतो. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात त्याला कोरडी हवा मानवते. कोकणात आणि गोव्यातही तो होतो, पण तिथे निचऱ्याकडे आणि पावसाळी रोगांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

जागा कोणती

दिवसभर ऊन पडेल अशी जागा हवी. आंब्याच्या किंवा वडाच्या सावलीत आवळा उंच उंच जातो आणि फळत नाही. घराच्या भिंतीपासून किमान १५ फूट लांब लावा. वरून विजेच्या तारा आणि खालून सांडपाण्याचे पाइप जात नाहीत ना, तेही आधी पाहून घ्या. पूर्ण वाढलेलं झाड २० ते २५ फुटांचा घेर धरतं.

परसात मोरीचं पाणी सोडलेला कोपरा असतो, तिथे आवळा लावायचा मोह होतो. तो टाळा. तिथे केळ, अळू, कर्दळ आनंदानं राहतात. आवळ्याला मात्र पायाशी सतत ओल चालत नाही. त्याला फळ धरायला वर्षातले काही आठवडे कोरडी विश्रांती लागते, आणि मोरीकाठी ती कधीच मिळत नाही.

जमिनीच्या बाबतीत आवळा फारसा चोखंदळ नाही. मुरमाड, तांबडी, पोयट्याची, थोडी खारवट, चुनखडीची, सगळी चालते. सामू (पीएच, म्हणजे जमिनीचा आम्ल-अल्कपणा) ६.५ पासून थेट ९.५ पर्यंत असला तरी तो तग धरतो, हे फार थोड्या फळझाडांना जमतं. त्याला चालत नाही ते साचलेलं पाणी. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही आणि कोवळी मुळं कुजतात. अशा जमिनीत खड्डा करून त्यात झाड बसवण्यापेक्षा दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद असा मातीचा उंचवटा करून त्यावर लावणं केव्हाही चांगलं.

निचरा कसा आहे ते पाहायची एक साधी रीत आहे. खड्डा खणून झाला की संध्याकाळी तो पाण्यानं भरा. सकाळी पाणी पूर्ण जिरलेलं असेल तर निश्चिंत राहा. अर्ध्याहून जास्त उरलं असेल तर जागा बदला किंवा उंचवटा करा. कोकणात जांभ्या कातळात खड्डा फोडला की त्याचं टाकं होतं, पाणी जायला वाटच उरत नाही. तिथे उताराच्या बाजूनं खड्ड्याच्या तळापासून चर काढून द्यावा लागतो.

एक नाही, दोन

आवळ्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात. त्यामुळे एक झाड पुरेल असं वाटतं. पण आवळ्याच्या बहुतेक जातींना स्वतःच्या परागावर फळ नीट धरत नाही, दुसऱ्या जातीचा पराग लागतो. शिवाय नर फुलं गुच्छांनी येतात आणि मादी फुलं मोजकीच असतात, म्हणजे मुळातच संधी कमी. एकाच जातीची दोन कलमं लावूनही उपयोग नाही. कलमं म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या, त्यांचा परागही एकच. दोन वेगळ्या जाती हव्यात.

दोन झाडांना जागा नसेल तर आधी आजूबाजूला पाहा. शेजाऱ्यांच्या आवारात, सोसायटीच्या बागेत किंवा देवळाच्या अंगणात आवळा असेल तर तुमचं एक झाड पुरतं, कारण वारा आणि मधमाश्या पराग आणून देतात. नसेलच तर तीन-चार वर्षांनी जाणत्या माळ्याकडून झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीचा डोळा भरून घ्या, म्हणजे त्या जातीची कळी सालीसकट बसवून घ्या. लहान परसासाठी मला हा उपाय सगळ्यांत आवडतो: एक खोड, दोन जाती आणि फळाची चिंता नाही. मोठं होऊनही न फळणाऱ्या एकट्या झाडालाही हाच उपाय लागू पडतो.

आता जाती. आवळ्याच्या जुन्या प्रसिद्ध जाती उत्तर प्रदेशातल्या: बनारसी, चकैया आणि फ्रान्सिस. फ्रान्सिसला तिकडे हाथीझूल म्हणतात, कारण त्याच्या फांद्या खाली लोंबतात. याच जातींच्या रोपांतून निवड करून अयोध्या (पूर्वीच्या फैजाबाद) जिल्ह्यातल्या कुमारगंज इथल्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठानं पुढे 'एनए' (नरेंद्र आंवला) मालिकेतल्या जाती दिल्या. कांचन म्हणजे एनए-४, कृष्णा म्हणजे एनए-५. एनए-७ आणि एनए-१० त्याच घरातल्या. गुजरातेत आणंद इथे आणंद-१, आणंद-२ अशा जाती निघाल्या. महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत कृष्णा, कांचन, चकैया आणि एनए-७ ही नावं सहसा मिळतात.

घरासाठी मी एनए-७ आणि कृष्णा ही जोडी सुचवेन. एनए-७ ला मादी फुलं जास्त असतात, ती लवकर आणि भरपूर फळते. कृष्णाची फळं मोठी, गुळगुळीत, किंचित लालसर झाक असलेली आणि मोरावळ्याला उत्तम असतात. कृष्णा मिळाली नाही तर कांचन घ्या. तिची फळं जरा लहान आणि रेषा जास्त, पण ती भरवशानं फळते. चकैया उशिरा तयार होते आणि फळ टिकतं, मात्र एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष बेताचं असा तिचा स्वभाव आहे. फ्रान्सिस घरी लावू नये असं माझं मत आहे. तिच्या फळात आतला गर काळा पडण्याची खोड फार.

डोंगरी आवळ्याच्या बिया रुजवून झाड करायची हौस असेल तर जरूर करा. फळं लहान आणि तुरट येतात, वाळवायला चांगली असतात. पण सात-आठ वर्षं थांबायची तयारी ठेवा, आणि कोणतं फळ येईल याची खात्री नसते हेही धरून चाला. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ दाखवू लागतं.

कलम कसं निवडायचं

कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांतून घेणं उत्तम. राहुरी, दापोली, परभणी, अकोला या चारही विद्यापीठांकडे फळझाडांची कलमं मिळतात, मे-जूनमध्ये आधी चौकशी करून जा. खाजगी रोपवाटिका चांगल्या असतातच, पण तिथे कलम डोळ्यांनी पारखून घ्यावं लागतं.

पिशवीतलं रोप हातात घ्या आणि खोडावर खालून वर बोट फिरवा. मातीपासून वीतभर अंतरावर एक गाठ किंवा तिरपा सांधा लागला पाहिजे. डोळा भरलेलं कलम असेल तर तिथे सालीचा चौकोनी तुकडा बसवलेला दिसतो, त्याच्या कडा मूळ सालीत मिसळलेल्या असतात आणि त्यातूनच वरचा फुटवा निघालेला असतो. सांध्याखालचं खोड एका रंगाचं आणि वरचं जरा वेगळं दिसतं. असा सांधा सापडलाच नाही तर विक्रेता काहीही म्हणो, ते बियांचं रोप आहे. सांधा आहे पण फुटवा त्याच्या खालून आलेला आहे, असंही पुष्कळदा असतं. तेही बियांचंच रोप समजा, कारण कलमाचा डोळा केव्हाच मेलेला असतो आणि वाढलेला असतो तो खुंट, म्हणजे कलमाखालचं बियांचं रोप.

आवळ्यात ही चूक सहज पचते. खुंटाचा पाला आणि कलमाचा पाला दिसायला अगदी सारखा. चिकूच्या कलमात खुंटाचं पान निराळं दिसतं, तशी सोय इथे नाही. म्हणून घरी आणल्यावर सांध्याच्या जागी ऑइलपेंटचा एक ठिपका लावून ठेवा. पुढची दोन-तीन वर्षं ठिपक्याच्या खालून जे फुटेल ते बोटानंच खुडून टाकायचं.

खूप उंच, शेलाटं रोप घेऊ नका. दीड-दोन फुटांचं, जाड खोडाचं, मुळं पिशवीबाहेर न गेलेलं कलम बरं.

खड्डा आणि लागवड

खड्डे उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये खणा. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी तीन फूट. जमीन भुसभुशीत असेल तर दोन फूटही पुरतात. वरची एक फूट माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात उघडा तापू द्या, त्यानं हुमणी (मातीतली मुळं खाणारी अळी) आणि बुरशी बरीच कमी होते.

मग भरणी. वरची चांगली माती, १५ ते २० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक-दोन किलो निंबोळी पेंड हे सगळं एकत्र करून खड्डा भरा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. कच्च्या शेणखतामागे वाळवी आणि हुमणी येतातच, आणि कोवळ्या आवळ्याचा तो खरा शत्रू. खड्डा जमिनीपेक्षा चार-सहा इंच वर येईल असा भरा, कारण पहिल्या पावसात माती खाली बसते.

दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती बसली की लागवड करा, म्हणजे जूनअखेर ते जुलै. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळची वेळ निवडा. पिशवी ब्लेडनं उभी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. कलमाचा सांधा जमिनीच्या वर किमान चार बोटं राहिलाच पाहिजे. सांधा गाडला गेला तर ओलीनं तो कुजतो.

सांध्याभोवती प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली असते. सांधा पक्का जुळलेला दिसला की ती लागवडीच्या वेळीच सोडा. ती तशीच राहिली तर खोड जाड होताना पट्टी आत रुतते, वरचा भाग फुगतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जोराच्या वाऱ्यात चांगलं झाड नेमकं तिथेच मोडतं.

शेजारी एक बांबूची काठी रोवून सुतळीनं आठच्या आकड्यात सैल बांधा. गाई-बकऱ्यांचा वावर असेल तर काट्यांचं कुंपण त्याच दिवशी करा. आवळ्याचा कोवळा शेंडा बकरीला फार आवडतो.

पहिली तीन वर्षं

या काळात फळाचा विचार करायचा नाही, खोड आणि फांद्या घडवायच्या.

पावसाळा संपला की पाणी सुरू करा: हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. जमीन हलकी असेल तर थोडं लवकर. आळं करताना खोडाजवळ मातीची भर देऊन पाणी बाहेरच्या कड्यात राहील असं करा, म्हणजे खोड भिजत राहत नाही. आळ्यात वाळलेला पाला, गवत किंवा उसाचं पाचट तीन-चार इंच पसरा, पण खोडापासून चार बोटं मोकळी जागा ठेवा, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. पहिल्या उन्हाळ्यात नैऋत्येच्या बाजूनं झावळीचा किंवा गोणपाटाचा आडोसा करा, दुपारचं ऊन आणि गरम वारा कोवळ्या कलमाला सोसत नाही. उत्तर महाराष्ट्रात थंडीची लाट येते तेव्हा लहान झाड रात्री झाकून सकाळी उघडावं लागतं.

आता आकार देणं. आवळ्याचं लाकूड ठिसूळ आहे, हे लक्षात ठेवून सगळी छाटणी करायची. मुख्य खोड अडीच फुटांपर्यंत सरळ एकटं जाऊ द्या. त्यावर वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या चार-पाच फांद्या ठेवा, एकमेकींपासून वीतभर अंतरानं. खोडाशी रुंद कोन करणारी फांदी ठेवायची, खोडाला चिकटून उभी जाणारी काढायची. अरुंद कोनातली फांदी फळाच्या ओझ्यानं चिरते, आणि चिरताना खोडाची सालही ओढून नेते. तिसऱ्या वर्षापर्यंत हे जमलं की पुढे छाटणी फारशी लागत नाही. दरवर्षी तोडणी आटोपल्यावर, नवी पालवी फुटायच्या आधी, वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या तेवढ्या काढा.

खताचं प्रमाण वयानुसार वाढवायचं. पहिल्या वर्षी १० किलो शेणखत, १०० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद आणि १०० ग्रॅम पालाश. दुकानातल्या खतांच्या हिशेबात हे साधारण २२० ग्रॅम युरिया, ३१० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १६५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश होतं. दरवर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षापर्यंत न्या आणि मग तिथेच थांबा. शेणखत, स्फुरद आणि निम्मं नत्र-पालाश जानेवारी-फेब्रुवारीत द्या, उरलेलं ऑगस्टमध्ये. रासायनिक खत नको असेल तर शेणखत दुप्पट करा, जोडीला गांडूळखत आणि निंबोळी पेंड द्या. घरच्या झाडाला तेवढं पुरतं, फळ थोडं कमी येईल इतकंच. खत खोडाशी टाकू नका. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या खाली गोल चर काढून त्यात द्या, अन्न घेणारी मुळं तिथे असतात.

फळाचं वर्ष कसं चालतं

आवळ्याचं वर्ष इतर फळझाडांसारखं नाही. ते ओळखलं नाही तर माणूस चुकीच्या वेळी पाणी घालतो आणि चुकीच्या वेळी काळजी करत बसतो.

जानेवारी-फेब्रुवारीत झाड पाला गाळतं. पालाच नव्हे, पानं धरणाऱ्या बारीक काड्याही गळतात, झाड उघडं पडतं आणि आळ्यात पिवळ्या काड्यांचा थर साठतो. नवखे घाबरून पाणी घालायला धावतात. तिथेच थांबायचं. फळणाऱ्या झाडाचं पाणी डिसेंबरअखेर तोडा, फुलं येऊन जाईपर्यंत देऊ नका. या ताणातूनच फूल भरपूर येतं.

फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये नव्या कोवळ्या काड्या फुटतात आणि त्यांच्याबरोबरच फुलं येतात. फुलं इतकी बारीक आणि हिरवट पिवळी असतात की लांबून दिसतच नाहीत. सकाळी झाडाखाली उभं राहिलं की मधमाश्यांचा एकसारखा आवाज येतो, तेव्हा फुलोरा आलाय हे कळतं. या पंधरवड्यात कोणतंही कीटकनाशक फवारू नका, निंबोळी अर्कसुद्धा नको.

एप्रिलमध्ये फुलं झडतात, आणि मग झाडावर काहीच दिसत नाही. मे गेला, जून आला, तरी फळ नाही. "या वर्षीही फुकट गेलं" असं म्हणून लोक झाडाचा नाद सोडतात. प्रत्यक्षात फळ धरलेलं असतं. एखादी काडी हातात धरून खालच्या बाजूनं, पानांच्या बेचक्यात, भिंगानं पाहा. मोहरीएवढा, किंवा त्याहूनही लहान, हिरवा ठिपका काडीला चिकटून बसलेला दिसेल. तोच आवळा. फलधारणा झाल्यावर आवळ्याचं फळ उन्हाळाभर निजून राहतं, वाढतच नाही. पाऊस पडून हवेत ओलावा आला की जुलै-ऑगस्टमध्ये ते जागं होतं, आणि मग दोन-अडीच महिन्यांत चांगलं सुपारीएवढं, त्याहूनही मोठं होतं. ज्या झाडाला जूनमध्ये काही नाही असं वाटत होतं, त्याच्या फांद्या सप्टेंबरात वाकलेल्या असतात.

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत मात्र दहा-पंधरा दिवसांनी भरपूर पाणी द्या. फळ निजलेलं असलं तरी झाड तहानलेलं राहिलं तर हे ठिपके गळतात. पावसात मोठा खंड पडला तर ऑगस्ट-सप्टेंबरातही एखादं पाणी द्यावं लागतं, त्यावर फळाचा आकार ठरतो.

ऑगस्टपासून फांद्यांवर नजर ठेवा. एनए-७ सारख्या भरघोस जातीला बांबूचे दुबेळके टेकू द्या. टेकूच्या टोकाला गोणपाट गुंडाळा म्हणजे साल सोलवटत नाही.

रोग-किडी: काय खरंच त्रास देतं

आवळ्यावर फवारणीचं फार वेड लागू देऊ नका. घरच्या एक-दोन झाडांना बहुतेक किडी हातानंच आवरतात.

पावसाळ्यात कोवळ्या शेंड्याजवळ काडी अचानक फुगलेली, गाठीसारखी दिसली तर ती शेंड्यात गाठ करणारी अळी. गाठ चिरली की आत अळी सापडते. त्या फांदीची वाढ तिथेच थांबते. गाठीच्या खालून शेंडा कापा आणि जाळा. अशा गाठी झाडावर राहू दिल्या तर पुढच्या पावसात दुपटीनं दिसतात.

दुसरी, आणि जुन्या झाडाला जास्त घातक, म्हणजे साल खाणारी अळी. फांदीच्या बेचक्याजवळ लाकडाचा भुसा आणि विष्ठा जाळीत गुंफून केलेली तपकिरी पट्टी दिसते. अळी दिवसा बिळात असते आणि रात्री त्या पट्टीच्या आडून साल खाते. पट्टी खरवडून काढली की बीळ सापडतं. त्यात तार घालून अळी मारा, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवा आणि वरून ओल्या मातीनं तोंड लिंपून टाका. वेळेवर केलं तर एवढ्यानं काम होतं.

पानांवर आणि फळांवर पावसाच्या शेवटी तांबूस गोल चट्टे येतात, तो तांबेरा. झाड आतून मोकळं ठेवलेलं असलं तर तो कमी येतो. फार पसरला तरच मॅन्कोझेब २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात फवारा, आणि डब्यावर लिहिलेले दिवस गेल्याशिवाय फळ तोडू नका. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो.

फळ बाहेरून चांगलं दिसतं, पण कापल्यावर गर तपकिरी-काळा निघतो, तेव्हा तो बहुधा रोग नसून बोरॉनची कमतरता असते. बोरॅक्स ६ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा फवारा. लक्षण नसताना उगाच फवारू नका, बोरॉन जास्त झालं तरी झाडाला बाधतं.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावायची सवय ठेवा. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे थोड्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करायचे, सगळं मिळून एक लिटर. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडाचं नको.

जागा अगदीच कमी असेल तर

गच्चीवर आवळा होतो का, असं बरेच जण विचारतात. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये कलम जगतं, थोडी फळंही देतं, पण त्याला सतत आटोक्यात ठेवावं लागतं आणि मेहनतीच्या मानानं हाती कमी येतं. गच्चीवाल्यांनी आणि छोट्या अंगणवाल्यांनी त्यापेक्षा रायआवळा लावावा, ते आवळ्याच्याच कुळातलं पण वेगळं झाड आहे. फिकट पिवळी, कंगोरेदार, करकरीत आंबट फळं जाड फांद्यांना घोसानं लगडतात. कोकणात आणि गोव्यात अंगणाअंगणात तो दिसतो. तो बियांपासूनही लवकर फळतो, एकटा लावला तरी फळतो आणि छाटणी सोसतो. त्याला ओलावा थोडा जास्त चालतो, कडक थंडी मात्र चालत नाही. औषधात किंवा मोरावळ्यात आवळ्याच्या जागी मात्र तो चालत नाही. तिखटमीठ लावून खायला आणि लोणच्याला तो छान.

तोडणी

लवकर येणाऱ्या जाती ऑक्टोबरअखेर तयार होतात, चकैया डिसेंबर-जानेवारीपर्यंत जाते. कार्तिकातली आवळी नवमी आणि तुळशीचं लग्न या सुमारास घरच्या झाडाचे पहिले आवळे हाती येतात. वृंदावनात ऊस, चिंच, बोरांबरोबर आपल्याच परसातला आवळा ठेवता येतो, आणि झाड पुरेसं मोठं झालं असेल तर आवळीच्या सावलीत पंगतही बसते.

तयार फळ ओळखायचं ते रंगावरून. गडद हिरवा रंग जाऊन फिकट पिवळसर, किंचित पारदर्शक झाक येते आणि फळावरच्या सहा उभ्या रेषा स्पष्ट होतात. शंका असेल तर एक फळ कापून आठोळी फोडा. आतल्या बिया पांढरट असतील तर थांबा, तपकिरी झाल्या असतील तर तोडा.

झाड झोडपू नका, फांद्याही हलवू नका. आपटलेला आवळा दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी पडतो आणि मोरावळ्यात तो डाग शिजूनही जात नाही. हातानं, किंवा जाळी लावलेल्या झेल्यानं एकेक तोडा. सगळी फळं एकदम काढायची गरज नाही, पण फेब्रुवारीपर्यंत झाडावर ठेवूही नका, नाहीतर पुढच्या बहरावर परिणाम होतो. कलमी झाड दहा वर्षांचं झालं की ५० किलो आवळे सहज देतं, म्हणजे वाटण्याची तयारी आधीच करून ठेवा.

एवढे आवळे एका आठवड्यात संपत नाहीत. डाग नसलेले धुऊन, पुसून काचेच्या बरणीत घाला आणि बुडतील एवढं मिठाचं पाणी ओता, एक लिटर पाण्याला १५० ग्रॅम मीठ. दीड-दोन महिने ते चांगले राहतात, लागतील तसे काढून लोणच्याला किंवा चटणीला घ्या. मोरावळा, सुपारी, सरबत करताना किसणी, सुरी, भांडं सगळं स्टीलचं वापरा. लोखंड लागलं की आवळा काळा पडतो. सुपारीसाठी आवळे वाफवले की त्या सहा रेषांवर पाकळ्या आपोआप सुटतात. आलं आणि सैंधव लावून उन्हात चार-पाच दिवस वाळवा, पातळ कापडानं झाकून.

शेवटची फळं निघाली की झाडाखालचे पडके, किडके आवळे वेचून खड्ड्यात पुरा, मोडक्या फांद्या काढून कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा, आणि पाणी बंद करा.